तीन महिन्यांची शुगर 6.9, तरी तळपायांची आग का?

*पत्र*

डॉक्टर साहेब, नमस्कार. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडच्या एका गावातून लिहिते आहे. माझ्या मामाजींना (सासऱ्यांना) नऊ वर्षांपासून शुगर आहे. वय 58. घरची धानाची शेती अजून तेच पाहतात. मागच्या वर्षी तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए1सी) 9.4 होती, गोळ्या (मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड) नियमित घ्यायला लागल्यावर आता 6.9 आली. वाटलं, आता पायही बरे होतील. पण रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात, कापसावर चालतो आहे असं वाटतं म्हणतात. मागच्या आठवड्यात बांधावर एका पायातली चप्पल निघून गेली, तसेच चालत राहिले, समजलंच नाही.

चार महिन्यांपूर्वी शिबिरात रक्त तपासलं तेव्हा ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) 340 होतं. तेल बंद करा म्हणाले, तेव्हापासून भाजी जवळपास बिनतेलाची करते. आता पुन्हा तपासलं तर 386. एकूण कोलेस्टेरॉल 204, त्यातलं एचडीएल (चांगलं) 34, एलडीएल (वाईट) 93. कोलेस्टेरॉल ठीक आहे असं सांगितलं. भात तीन वेळा असतो. खर्रा सुटत नाही, संध्याकाळी मोहाची थोडी घेतात. कोलेस्टेरॉल उतरवणारी अटोरव्हास्टॅटिनची गोळी होती, ती नसा खराब करते असं कुणीतरी सांगितलं म्हणून बंद केली. मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून लाल (बी-12 ची) इंजेक्शनं घेऊन झाली. सासूबाई म्हणतात, सगळं लाखोळीच्या डाळीनं झालं. नणंदेच्या मुलाला सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) आहे, तेही लिहून ठेवते.

मामाजी विचारतात, "साखर तं उतरली, मंग पायाची आग काऊन जात नाई?" रक्तातल्या चरबीचा आणि नसांचा खरंच संबंध असतो का? रोवणी तोंडावर आली आहे आणि ते चिखलात उतरणारच म्हणतात. काय करावं?

— एक सून

*उत्तर*

ताई, संबंध असतो. पण त्याआधी त्या चपलेबद्दल बोलू, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ तीच आहे. आग झाली की माणूस ओरडतो, झोपत नाही, घरच्यांना दवाखान्यात न्यायला लावतो. बधिर झालेला पाय मात्र कधीच तक्रार करत नाही. काटा रुतला, फोड आला, फोड फुटला, त्यात पू झाला, तरी माणूस जेवतो, फिरतो, झोपतो. मधुमेहात पाय कापायची वेळ बहुतेकदा अशा न दुखणाऱ्या जखमेतून येते. मामाजींच्या पायात आग आणि बधिरपणा दोन्ही एकत्र आहेत. आगीमुळे "अजून जाणीव आहे" असं वाटत राहतं, आणि चप्पल गेलेली कळत नाही.

आज संध्याकाळीच एक तपासणी घरी करा. मामाजींना डोळे मिटून आडवं व्हायला सांगा. तुमच्या तर्जनीचं टोक त्यांच्या पायाच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला, एकेकदा, एक-दोन सेकंद अगदी हलकं टेकवा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, घासायचंही नाही. स्पर्श कळला की "हो" म्हणायचं, एवढंच त्यांचं काम. दोन पायांची मिळून सहा बोटं झाली. त्यातली दोन किंवा जास्त बोटं गप्प राहिली तर पायाची संरक्षक जाणीव गेली आहे असं धरून चाला आणि डॉक्टरांना तसंच सांगा. दवाखान्यात हीच गोष्ट नायलॉनच्या बारीक तारेनं आणि कंप पावणाऱ्या काट्यानं (ट्यूनिंग फोर्कनं) नीट तपासतात. तपासली नाही तर मोजे काढून पाय पुढे करा आणि मागून घ्या. शुगरच्या रुग्णाचे पाय वर्षातून एकदा तरी तपासायचेच असतात. दवाखान्यातल्या गर्दीत सगळ्यात आधी हेच राहून जातं.

आता मामाजींच्या प्रश्नाकडे येते.

साखर उतरवण्याचा नसांना, म्हणजे जाणीव वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंना, फायदा होतो का? होतो, पण सगळ्यांना सारखा होत नाही. लहान वयात होणारा, पहिल्या दिवसापासून इन्सुलिन लागणारा टाइप 1 मधुमेह वेगळा. त्यात साखर काटेकोर ठेवली तर नसांचा त्रास सुमारे 60 टक्क्यांनी कमी होतो, हे अमेरिका आणि कॅनडात झालेल्या मोठ्या चाचणीतून 1993 साली सिद्ध झालं. मामाजींसारख्या टाइप 2 मध्ये मात्र तेवढीच साखर उतरवूनही नसांच्या पदरात फार थोडं पडतं. साखर सांभाळायलाच हवी, डोळे आणि मूत्रपिंडं तिच्यावरच अवलंबून आहेत. पण नसांना बिघडवणारं आणखी काहीतरी आहे, हे यातून दिसलं आणि संशोधकांचं लक्ष रक्तातल्या चरबीकडे गेलं.

2005 साली युरोपातल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. टाइप 1 च्या 1,172 जणांवर सुमारे सात वर्षं लक्ष ठेवलं होतं. ज्यांना नव्यानं नसांचा त्रास सुरू झाला त्यांच्यात साखरेशिवाय आणखी गोष्टी उठून दिसल्या: वाढलेलं ट्रायग्लिसराइड, वजन, रक्तदाब आणि धूम्रपान. पुढे 2009 साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 427 मधुमेहींची माहिती तपासली. या सगळ्यांच्या घोट्याजवळच्या नसेचा बारीक तुकडा सुरुवातीला आणि 52 आठवड्यांनी काढून त्यातले तंतू मोजलेले होते. ज्यांचे तंतू वर्षभरात झपाट्यानं कमी झाले, त्यांचं ट्रायग्लिसराइड सुरुवातीलाच जास्त होतं. वय, मधुमेहाची वर्षं, साखरेचं नियंत्रण हे सगळं हिशोबात धरूनही हा फरक उरला. म्हणजे 6.9 वर खूश होऊन 386 कडे दुर्लक्ष करता येणार नाही.

हे होतं कसं? कमरेतून निघून पायाच्या बोटापर्यंत जाणारी नस शरीरातली सगळ्यात लांब नस. तिच्या टोकाला लागणारी ऊर्जा जागच्या जागी तयार व्हावी लागते. रक्तात साखर आणि चरबी दोन्ही दाटलेली असली की नसेतल्या आणि नसेभोवतीच्या पेशींना तो बोजा जाळता येत नाही, ऊर्जा तयार करणारी यंत्रणाच बिघडते. नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही सुजतात, अरुंद होतात. तुमच्याकडे तलावाचा पाट गाळानं भरला की पहिली ओरड शेवटच्या बांधीवाल्याची असते, तसंच इथे. म्हणून त्रास बोटांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. हाताला मुंग्या येतात त्या बहुधा पायाचा त्रास गुडघ्यापर्यंत पोचल्यावर.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण अटोरव्हास्टॅटिन बंद होण्याचं मूळ तिच्यात आहे. ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल दोन्हींना आपण चरबी म्हणतो, पण नसांच्या बाबतीत दोघांचं वागणं सारखं नाही. कोलेस्टेरॉल हा नसेवरच्या आवरणाचाच एक घटक आहे. 2019 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी टाइप 2 च्या रुग्णांच्या पायातल्या नसांची एमआरआय चित्रं काढली, तर ज्यांचं कोलेस्टेरॉल कमी त्यांच्या नसांत बिघाड जास्त दिसला. अशा बातम्या फिरत फिरत गावात पोचेपर्यंत "गोळी नसा खाते" एवढंच उरतं. पण तो एका वेळी काढलेल्या चित्रांचा अभ्यास होता, त्यातून कशामुळे काय झालं हे ठरत नाही. उलट 2014 साली डेन्मार्कमधल्या मोठ्या नोंदींतून आधीपासून स्टॅटिन (अटोरव्हास्टॅटिन याच गटातली) घेणाऱ्या मधुमेहींमध्ये नसांचा त्रास कमीच आढळला होता. नसांपुरता हा वाद चालू राहील. हृदयापुरता वाद नाही. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहीला स्टॅटिन देतात ते हार्ट अटॅक आणि लकवा टाळण्यासाठी, आणि त्या कामात ते खरं उतरलेलं आहे. मामाजी 58 चे, मधुमेह नऊ वर्षांचा, वर तंबाखू. डॉक्टरांना विचारून ती गोळी पुन्हा सुरू करून घ्या. मांड्या, पिंढऱ्या दुखल्या तर सांगायचं, मात्रा किंवा गोळी बदलता येते. परस्पर बंद करायची नाही.

आणि कोलेस्टेरॉल ठीक आहे असं जे सांगितलं, ते मला पटलेलं नाही. तुमच्या रिपोर्टमधलं एलडीएल 93 बहुतेक मोजलेलं नाही, बाकीच्या आकड्यांवरून काढलेलं आहे: एकूणातून एचडीएल वजा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड एवढं चढलं की हा हिशोब डळमळतो, 400 च्या पुढे तर तो धरतच नाहीत. त्यापेक्षा सोपं गणित करा. 204 मधून 34 वजा केले की उरतात 170. रक्तवाहिन्यांना त्रास देणारं सगळं कोलेस्टेरॉल त्या 170 मध्ये आलं. मामाजींच्या परिस्थितीत हा आकडा 100 च्या खाली हवा. डॉक्टरांना हेच दाखवा.

तेलाबद्दल. ताई, चार महिने बिनतेलाच्या भाज्या करणं सोपं नसतं, घरात तोंडं वाकडी झाली असतीलच. आणि तरी आकडा 340 वरून 386 वर गेला. ट्रायग्लिसराइड म्हणजे फक्त खाल्लेलं तेल नव्हे. लागेल त्यापेक्षा जास्त भात, साखर, गूळ, पोहे, मुरमुरे पोटात गेले की यकृत त्यातून स्वतः ट्रायग्लिसराइड बनवतं आणि रक्तात सोडतं. मधुमेहात इन्सुलिनचा लगाम ढिला असतो, त्यामुळे हा कारखाना रात्रंदिवस चालतो. भाजी बेचव झाली, की माणूस पातळ वरण ओतून भातच जास्त खातो. तुमच्याकडे बहुधा तेच झालं. ट्रायग्लिसराइड हजाराच्या घरात असतं तर तेल-तूप कडक बंद करा म्हटलं असतं. 386 ला तेलापेक्षा भात आणि मोहाची आधी.

पूर्व विदर्भातल्या माणसाला भात सोडा म्हणणं म्हणजे त्यानं या सदराचं पान फाडावं अशी सोय करणं आहे, म्हणून तसं म्हणत नाही. तीनदाचा भात एकदावर आणा, दुपारचा ठेवा, कारण त्यानंतर हालचाल होते. ताटात आधी भाजी आणि डाळ वाढा, भात नंतर आणि एका मध्यम वाटीत मावेल एवढाच. रात्री ज्वारीची एखादी भाकर, सोबत तूर, हरभरा, वाल किंवा बरबटी घट्ट करून. पावसाळ्यात तरोट्याची, आंबाडीची भाजी फुकट उगवते, ती भरपूर करा. चहात साखर नको. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची उसळ खाणं म्हणजे भातापेक्षाही वाईट, तो उपास मामाजींनी सोडला तर देव रागवायचा नाही. तेल पुन्हा वापरायला घ्या, माणशी दिवसाला चहाचे चार चमचे या मापानं. चार माणसांच्या घराला महिन्याला साधारण अडीच लिटर. तळण मात्र नको.

मासोळी खात असतील तर तुमचा जिल्हाच तलावांचा आहे, आठवड्यातून दोनदा रस्सा करा, तळू नका. खात नसतील तर जवसाची चटणी रोज चमचा-दीड चमचा. जवसाला औषध समजून त्यावर विसंबू नका, ट्रायग्लिसराइड तिनं थोडंच हलतं. पण भाकरीला चव येते, त्यामुळे भात आपोआप मागे पडतो. माझ्या मते तिचा खरा उपयोग तोच.

मोहाची. दारू कुठलीही असो, यकृतात ती गेली की ट्रायग्लिसराइड वाढतंच, शिवाय दारू नसांना स्वतंत्रपणे जाळते. म्हणजे मामाजींच्या पायांवर दोन्ही बाजूंनी मार आहे. "थोडी" म्हणजे किती हे सुनेला सांगत नाहीत, म्हणून आकडा विचारत नाही. आणखी एक धोका: ग्लिमेपिराइड घेऊन, दारू पिऊन, न जेवता झोपलं तर रात्री साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि घरच्यांना वाटतं की नशेत पडले आहेत. पूर्ण बंद केली तर काही आठवड्यांत ट्रायग्लिसराइडचा आकडा उतरलेला दिसेल, त्यासाठी औषधही लागत नाही. फक्त रोज आणि बरीच घेत असतील तर एका दिवसात तोडू नका. हातपाय थरथरणं, भास होणं, झटके येणं असं होऊ शकतं. आधी डॉक्टरांना सांगून सोडवा. खर्ऱ्यातला तंबाखू बारीक रक्तवाहिन्या आवळतो, म्हणजे नसेचं रक्त आणखी तुटतं. एकाच महिन्यात दारू, खर्रा आणि भात तिन्ही काढून घेतलेत तर मामाजी तुमचं काहीच ऐकणार नाहीत. मी असते तर आधी मोहाची, मग भात, मग खर्रा असा क्रम लावला असता. खर्रा सोडायला ग्रामीण रुग्णालयात समुपदेशन मिळतं का ते विचारा.

पुढची तपासणी शिबिरात, चहा-पोहे झाल्यावर नको. रात्रीच्या जेवणानंतर दहा-बारा तास फक्त पाणी, आणि आधीचे दोन-तीन दिवस दारूचा थेंब नाही, मग सकाळी रक्त द्या. ट्रायग्लिसराइड 150 च्या खाली असावं. 500 च्या वर गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, तेव्हा फेनोफायब्रेटसारखी ट्रायग्लिसराइड उतरवणारी गोळी सहसा लागते. त्याखाली ती द्यायची की नाही हे डॉक्टर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) पाहून ठरवतील. या गोळीबद्दल एक जाणून घेण्यासारखी गोष्ट आहे. 9,795 मधुमेहींवर झालेल्या चाचणीत फेनोफायब्रेट घेणाऱ्यांमध्ये पाय किंवा बोट कापावं लागण्याची पहिली वेळ सुमारे 36 टक्क्यांनी कमी आली. हृदयविकार मात्र अपेक्षेइतका घटला नाही. त्यामुळे ती सरसकट सगळ्यांना देत नाहीत, आणि स्टॅटिनची जागाही ती घेत नाही. रक्त द्याल तेव्हा थायरॉइडही तपासून घ्या. तो मंद असला तरी चरबी चढते आणि नसाही कुरकुरतात.

तुमच्या नणंदेच्या मुलाला सिकलसेल आहे हे लिहिलंत ते फार बरं केलंत. याचा अर्थ नणंद वाहक असणार, आणि तिला ते आईकडून किंवा मामाजींकडूनच आलेलं असणार. सिकलसेल असलेल्याच्या रक्तात तीन महिन्यांची शुगर खऱ्यापेक्षा कमी दिसते. नुसत्या वाहकात फरक सहसा थोडा असतो आणि तो तपासणीच्या यंत्रावरही अवलंबून असतो, पण 6.9 ला देववाणी समजू नका. उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी अशी साधी साखर काही दिवस तपासून तो आकडा जुळतो का ते पाहा. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, मामाजींची करून घ्या.

लाल इंजेक्शनांचं असं आहे की मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं तर बी-12 कमी होऊ शकतं आणि त्यानंही पायांना अशाच मुंग्या येतात. तेव्हा शंका चुकीची नव्हती, पण तपासणी आधी हवी होती. आता रक्तातलं बी-12 चांगलं दिसलं तर ते मुळात कमी होतं की इंजेक्शननं वाढलं हे सांगता येणार नाही, म्हणून डॉक्टरांना इंजेक्शनांचं सगळं सांगा. कमी निघालं तर उपचार पूर्ण घ्यायचा. पुरेसं असेल तर आणखी इंजेक्शनांनी आग जाणार नाही, आणि ताकदीच्या काही गोळ्यांतलं बी-6 जास्त मात्रेत बराच काळ घेतलं तर तेच नसा बिघडवतं.

सासूबाईंना सांगा, लाखोळी यात निर्दोष आहे. महिनोन्महिने जवळपास तीच डाळ खाऊन होणाऱ्या आजारात पाय ताठ आणि कमजोर होतात, चाल बदलते. तळव्याची जाणीव जाऊन आग होणं हे त्याचं लक्षण नाही.

एक शंका मात्र मी स्वतःहून घालते, घाबरू नका. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात कुष्ठरोगाचे रुग्ण अजून सापडतात. मधुमेहाचा बधिरपणा दोन्ही पायांत साधारण सारखा आणि बोटांपासून वर असतो. एकाच पायात किंवा एखाद्याच ठिकाणी असेल, अंगावर कुठे फिकट किंवा लालसर चट्टा असून तिथे स्पर्श कळत नसेल, तर आशाताईंना दाखवा. उपचार मोफत आहे आणि आजार पूर्ण बरा होतो. लाजेपायी दडवलेला चट्टा पायाचं जास्त नुकसान करतो. मामाजी धानावर फवारणी करत असतील तर औषधाचं नावही डॉक्टरांना सांगा, काही कीटकनाशकं नसांना बाधतात.

आगीसाठी प्रेगाबॅलिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन अशा गोळ्या असतात. त्या वेदना कमी करतात, नस दुरुस्त करत नाहीत, पण झोप लागणं हीही लहान गोष्ट नाही. पहिले काही दिवस चक्कर आणि गुंगी येते, म्हणून सुरुवात कमी मात्रेनं, आणि दारूसोबत तर अजिबात नाही. त्या डॉक्टरांकडूनच घ्या, मेडिकलच्या काउंटरवरून नको. काशाच्या वाटीनं तळवे घासून बरं वाटत असेल तर घासा, जखम नसावी आणि हात हलका असावा. गरम पाण्यात पाय बुडवणं, विटेचा शेक, हिवाळ्यात शेकोटीला तळवे लावणं हे सगळं बंद. बधिर पाय भाजतो आणि मामाजींना कळायचं नाही.

गेलेली जाणीव परत येईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. पूर्ण येईल असं कबूल करता येत नाही. नसेचं टोक हळू वाढतं, महिने लागतात. अमेरिकेत 2006 साली, साखर नुकती चढू लागलेल्या आणि नसांचा त्रास असलेल्या लोकांना वर्षभर आहार आणि व्यायाम दिला, तेव्हा त्वचेतले बारीक तंतू पुन्हा वाढलेले दिसले. मामाजी त्या पायरीच्या बरेच पुढे आहेत. तरी रोज अर्धा तास चालणं ट्रायग्लिसराइडला खाली ओढतं, आणि आहे तेवढं टिकवणं हेच मोठं काम आहे. "शेतात काय कमी चालतो" असं ते म्हणतील. रोवणी-कापणीत चालतात, मधले महिने पारावर बसतात.

आता रोवणी. चिखलात अनवाणी उतरणं यंदा नको, यावर मी ठाम आहे. चिखलाखाली धसकटं असतात, शिंपले असतात, काच असते, आणि मामाजींच्या पायाला त्यातलं काहीच सांगता येत नाही. तासन्‌तास पाण्यात राहिलेला पाय मऊ पडतो, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि तिथून जंतू आत शिरतात. त्यांना बांधावरचं काम द्या: पऱ्हे पोचवणं, माणसांची हजेरी, पाणी फिरवणं. तेही मागून बंद असलेल्या, मऊ तळाच्या पादत्राणात, सपातेत नको. एखाद्या वेळी उतरावंच लागलं तर मोजे घालून गमबूट, घालण्याआधी आत हात फिरवून खडा-काटा बघायचा, आणि थोडा वेळ, दिवसभर नाही. घरी आल्यावर साध्या पाण्यानं पाय धुवायचे, बोटांच्या मधून कोरडे करायचे. टाचेला खोबरेल लावा, बेचक्यांत नको. रोज रात्री तळवा उजेडात बघा. त्यांना वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवा किंवा सासूबाईंनी बघावं. कुरूप ब्लेडनं कापायचं नाही. न दुखणारा फोड, लाली, सूज, वास, काळा पडलेला भाग यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना, बाजाराचा दिवस असला तरी.

छातीत दुखल्याशिवायही अशा रुग्णाला हार्ट अटॅक येऊ शकतो. अचानक दम लागला, घाम सुटला, गळून गेले तर "उन्हानं झालं" म्हणून झोपवून ठेवू नका, 108 ला फोन करा.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ग्रामीण रुग्णालयात जाताना दोन्ही रिपोर्ट, घेतलेल्या आणि बंद केलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आणि घरच्या बोटांच्या तपासणीत किती बोटं गप्प राहिली तो आकडा कागदावर लिहून न्या. पायांची तपासणी, उपाशीपोटीची चरबी, क्रिएटिनिन, बी-12, थायरॉइड आणि सिकलसेल एवढं मागा. एखादी तपासणी तिथे होत नसेल तर ती कुठे होईल हे चिठ्ठीवर लिहून घ्या. आणि मामाजींना सोबत न्या, रिपोर्ट एकटे पाठवू नका. पाय रिपोर्टवर दिसत नाहीत.